विंडोज डॉट एच, मुक्काम सांगली

आमची कंपनी छोटी. गावोगावच्या दूध डेअऱ्यांना इलेक्ट्रॉनिक काटे आणि त्यांच्यासोबत चालणारा प्रोग्राम विकायचा, एवढाच धंदा. पण ऑफिसं दोन. डेअरीतल्या कॉम्प्युटरवर चालणारा, म्हणजे विंडोजवरचा प्रोग्राम साताऱ्यात लिहिला जाई. काट्याला जोडलेल्या डबीतला, म्हणजे लिनक्सवरचा, सांगलीत. दोन्ही सी भाषेत. मालकही एकच. तरी दोन्ही ऑफिसांत अशी भाऊबंदकी, की बांधावरून भांडणाऱ्यांनी शिकायला यावं.

साताऱ्याच्या प्रमुखांना सगळे मॅडम म्हणत. त्या वाईच्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे त्या चिडल्यात हे समोरच्याला घरी पोचल्यावर कळे. सांगलीचे प्रमुख अण्णा, आष्ट्याकडचे. इंजिनिअर झाल्यावर काही वर्षं साखर कारखान्यात काढलेली, त्यामुळे यंत्रांच्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलायची सवय. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. या दोघांनी एकमेकांशी थेट बोलणं केव्हाच सोडलं होतं. जे काही बोलायचं ते ईमेलवर, आणि प्रत्येक ईमेलची एक प्रत मालकांना.

मालक त्या ईमेलींना कंटाळले आणि त्यांनी मला बोलावलं. मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून साताऱ्याच्या ऑफिसात नवीनच लागले होते.

"वजन घेण्याचा भाग साताऱ्याचा चांगला आहे," ते म्हणाले, "चिठ्ठी छापायचा भाग सांगलीचा. दोन्ही एकत्र करायचे. एकच कोड, दोन्हीकडं चालला पाहिजे. हे काम तू करायचं. तू यातल्या कुणाची नाहीस."

"मी साताऱ्यात राहते, सर."

"माहेर कुठलं?"

"फलटण."

"मग झालं तर. फलटण म्हणजे तिसरंच संस्थान," ते म्हणाले आणि त्यांनी एसटीचा पास काढून द्यायला सांगितलं.

तेव्हापासून दर सोमवारी मी सांगलीला जाऊ लागले आणि गुरुवारी परत येऊ लागले. सांगलीचे लोक मला साताऱ्याची हेर समजत. साताऱ्याचे लोक गुरुवारी संध्याकाळी मी आणलेलं भडंग खात आणि, "तिकडं काय काय चाललंय?" असं विचारत. म्हणजे दोघांचंही म्हणणं एकच होतं.

आता या कामात अडचण कसली होती ते सांगते. सी भाषेत प्रत्येक फाईल सुरुवातीलाच सांगते, की मला अमुक फाईल लागेल, तमुक फाईल लागेल. या लागणाऱ्या फाईलींना हेडर म्हणतात, आणि त्यांच्या नावाच्या शेवटी 'डॉट एच' असतं. त्या हेडरांना आणखी हेडर लागतात, त्यांना आणखी. कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, सांगितलेलं सगळं आणून त्या त्या जागी चिकटवतो. का म्हणून विचारत नाही. आमच्याकडं कॉमन डॉट एच नावाची एक हेडर होती. ज्याला जे लागेल ते तो तिच्यात टाकून मोकळा होई. एका लग्नपत्रिकेवर आख्खी गल्ली जेवायला यावी तसं व्हायचं: फाईल असायची दहा ओळींची आणि तिच्यामागून प्रिंटर, नेटवर्क, विंडोजचं सगळं खटलं पंगतीला हजर. कोण कुणाच्या ओळखीनं आलंय ते कुणालाच सांगता येत नसे. काढायला जावं तर भलतंच काहीतरी मोडे. म्हणून सगळे नवीन टाकत, जुनं कुणी काढत नसे. आणि तिच्यात एक अक्षर बदललं की सगळा प्रोग्राम पहिल्यापासून कम्पाईल. तेवढ्या वेळात दोन्ही ऑफिसं चहा पिऊन, पेपर वाचून, राजकारण मिटवून परत येत.

सांगलीतल्या पहिल्याच आठवड्यात मला अण्णांच्या लिनक्स मशीनवर विंडोज डॉट एच नावाची फाईल दिसली. ही फाईल विंडोजची. लिनक्सवर ती असायचं काही कारणच नाही.

"अण्णा, ही इथं कशी?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "ती व्हय! आगं, ती साताऱ्याची कॉमन डॉट एच. तिला विंडोज डॉट एच लागती. हितं न्हाई म्हटलं की बोंब मारती. म्हटलं एवढं मागतीयाच तर देऊया. एक फाईल केली, नाव ठेवलं विंडोज डॉट एच. गप बसली."

मी फाईल उघडली. पहिल्या ओळीत, माणसांनी वाचायच्या टिपेच्या जागी, इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'पाव्हणं, आलासा? बसा.' मला इतकं हसू आलं, की खालच्या दोन-तीन ओळी वाचायच्या राहूनच गेल्या.

पावसाळा संपता संपता एकत्र केलेला कोड दोन्हीकडं कम्पाईल झाला. एकही तक्रार नाही. पहिला काटा आष्ट्याच्या पुढच्या एका गावात चाचणीसाठी बसवला आणि आठवड्याभरात तिथून फोन येऊ लागले. काटा फार छान आहे. लोक खूश आहेत. शेजारच्या गावाला असाच पाहिजे. त्याच्या शेजारच्याला पण. फक्त असाच, दुसरा नको.

मालकांनी दोन्ही ऑफिसांत कंदी पेढे वाटले. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत गिऱ्हाईक स्वतःहून कौतुक करतंय असं कधी झालं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

मग एक दिवस त्या डेअरीच्या सचिवाचा फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. काट्यावर मोजलेलं दूध आणि टँकरमध्ये भरलेलं दूध यांचा मेळ बसत नव्हता. टँकरमध्ये रोज कमी भरत होतं. आधी त्यांनी मांजरावर संशय घेतला. मग टँकरच्या ड्रायव्हरवर. ड्रायव्हर रडायला लागला तेव्हा काट्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी त्यांच्या मोटरसायकलवरून त्या गावाला पोचलो. डेअरीसमोर ही रांग. काट्यावर स्टीलचं मोठं भांडं होतं. त्यात दूध ओतायचं, पडद्यावर वजन येतं, चिठ्ठी निघते. साधी गोष्ट. पण भांड्याजवळ एक रिकामा क्रेट पालथा घातला होता. एक बाई आली, पदर खोचला, किटली घेऊन त्या क्रेटवर चढली, हात डोक्याच्या वर नेला आणि धबधबा सोडला. दूध भांड्यात दणदणत पडलं. पडद्यावर आकडा आला. रांगेतून वाहवा झाली.

"आवं, आजून वरनं वतायचं हुतं, वैनी!" मागून कोणीतरी म्हणालं.

"हात पोचाय नगं व्हय?" ती बाई उतरता उतरता म्हणाली.

ज्यांचा हात पोचत नव्हता त्यांची सोय पण होती. भांड्याच्या दुसऱ्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे होते. उंची अशी, की डेअरीच्या दारातून वाकून आत यावं लागलं असणार. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या किटल्या ते स्वतः ओतून देत होते, फुकट, समाजकार्य म्हणून.

"लायनीत या, लायनीत! सबका होगा!" ते म्हणत होते. मला बघून त्यांनी समजावून सांगितलं, "ताई, हा नवा काटा लय हुशार हाय. त्येला दणका दिला की दूध वाढतं. धार बारीक सोडली तर न्हाई वाढत. टेक्निक हाय त्यात."

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा छताकडं बघत होते.

"लोडसेल," ते शेवटी म्हणाले. "लोडसेल खराब हाय."

लोडसेल म्हणजे काट्याच्या पोटातला वजन जोखणारा भाग. तो चांगला होता. मी तिथंच वजनं ठेवून पाहिलं, अगदी बरोबर दाखवत होता. गडबड होती ती वेळेची. दूध ओतलं की भांडं हेलकावतं. काटा स्थिर होईपर्यंत दोन सेकंद थांबायचं आणि मग वजन घ्यायचं, असं कोडमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. मॅडमनी स्वतः लिहिलेलं. साताऱ्यात तो थांबतही होता. इथं मात्र दुधाचा दणका बसला रे बसला, की प्रोग्राम तोच आकडा उचलत होता.

सांगलीला परत येऊन मी कम्पायलरला म्हटलं, सगळ्या हेडर चिकटवून झाल्यावर ही फाईल कशी दिसते तेवढं दाखव. त्यानं दाखवली. खाली जात जात मी त्या ओळीपाशी आले. जिथं 'दोन सेकंद थांब' असायला पाहिजे होतं तिथं एक अर्धविराम होता. नुसता अर्धविराम, एकटा, रिकाम्या ओळीत. सी भाषेत ते चालतं. त्याचा अर्थ, काही करू नकोस, पुढं जा.

मग ते शब्द खाल्ले कुणी हे शोधायला मी हेडरांची साखळी काढली. वजनाच्या फाईलनं कॉमन डॉट एचला बोलावलेलं, कॉमन डॉट एचनं विंडोज डॉट एचला. आणि विंडोज डॉट एचच्या पहिल्या ओळीत पाव्हण्यांचं स्वागत. या वेळी मी खालच्या ओळी वाचल्या. विंडोजमध्ये थांबायला 'स्लीप' म्हणतात, मोठ्या एसनं. अण्णांनी लिहून ठेवलं होतं, की स्लीप दिसलं तर ते काहीच नाही असं समजावं. आणि शेजारी टीप, 'काट्याला झोप कसली?'

मी पडदा त्यांच्याकडं वळवला. अण्णांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आयला," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. "डेमो हुता गं त्या दिवशी. म्हटलं, कम्पाईल तर हुंदे, थांबायचं उद्या बघू."

"मग?"

"मग उद्या सुट्टी हुती." त्यांनी फाईल बंद केली. "साताऱ्याला सांगू नगंस. ती बाई आरडायची न्हाई. नुसती बघंल. त्यापरास मला साताऱ्याच्या बोगद्यात गाठून मारलं तर चालंल."

मी म्हटलं, बघू.

त्या गावचा काटा आम्ही दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. मीच गेले होते. क्रेटवर चढून त्याच बाईनं धबधबा सोडला, काटा दोन सेकंद थांबला, उडालेलं दूध सचिवाच्या शर्टावर गेलं आणि आकडा कालच्यापेक्षा खाली आला. रांगेतून या वेळी वाहवा झाली नाही. फौजी गृहस्थांनी पुढं होऊन एक किटली सगळी ताकद लावून ओतली. काही उपयोग झाला नाही.

"बिघडवला तुमी काटा," ती बाई मला म्हणाली.

"दुरुस्त केला, वहिनी."

"आमचा चांगला चालत हुता," ती म्हणाली आणि क्रेट पायानं बाजूला सरकवून निघून गेली. शेजारच्या दोन्ही गावांनी मागणी मागं घेतली.

गुरुवारी साताऱ्याला आले तर तिथं प्रिंटरचा गोंधळ चालू होता. एका दुधामागं तीन-तीन चिठ्ठ्या निघत होत्या. मॅडमनी प्रिंटर पोवई नाक्यावरच्या दुकानात दुरुस्तीला पाठवले. दुकानदार म्हणाला, प्रिंटर ठणठणीत आहेत. मॅडमनी दुकान बदललं. दुसरा पण तेच म्हणाला. आता त्या तिसऱ्याच्या शोधात होत्या.

चिठ्ठीचा भाग सांगलीचा, आणि माझा हात त्या आठवड्यात चांगलाच बसला होता. मी तीच साखळी इथंही काढली. निघाली युनिएसटीडी डॉट एच. ही लिनक्सची फाईल. विंडोजवर ती असायचं काही कारणच नाही. तिच्या पहिल्या ओळीत नीटनेटकं लिहिलं होतं, 'सांगलीच्या कोडसाठी. तात्पुरते.' खाली एकच ओळ होती: लिनक्सचं, म्हणजे छोट्या एसचं स्लीप दिसलं, की ते विंडोजचं, मोठ्या एसचं स्लीप समजावं. दिसायला बिनचूक. पण छोट्या एसचं स्लीप सेकंदात मोजतं आणि मोठ्या एसचं सेकंदाच्या हजाराव्या भागात. प्रिंटरच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघायची होती, तिथं प्रोग्राम डोळ्याची पापणी लवायच्या आत कंटाळून दुसरी चिठ्ठी पाठवत होता. मग तिसरी.

मॅडमनी स्वतःच लिहिलेली ती ओळ उभ्यानं वाचली. मग बसून वाचली.

"हे सांगलीला कळता कामा नये," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "तो माणूस हसेल. आणि त्याचं हसू इथपर्यंत ऐकू येईल."

आता माझ्याकडं दोन्ही ऑफिसांचं एकेक गुपित होतं आणि एसटीचा पास होता. एखाद्या सज्जन बाईनं दोघांना समोरासमोर बसवून खरं ते सांगितलं असतं. मी कराडच्या स्टँडवर वडा खाता खाता दुसरा विचार केला.

सोमवारी सांगलीला पोचल्यावर अण्णांना सहज म्हटलं, "मॅडम परवा म्हणत होत्या, सांगलीचा कोड वाचला की मन प्रसन्न होतं."

अण्णांचा चहाचा कप मध्येच थांबला. "कोण म्हणत हुत्या?"

"मॅडम."

"कुठल्या मॅडम?"

त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या जुन्या फाईली उघडून बराच वेळ वाचल्या. त्यांना खरंच प्रसन्न वाटत असावं.

गुरुवारी साताऱ्यात मॅडमना म्हटलं, "अण्णा म्हणत होते, शिस्त शिकायची तर वाईच्या माणसाकडून."

मॅडम टाईप करत राहिल्या. पण संध्याकाळी निघताना त्यांनी विचारलं, "अजून काही म्हणाले का?"

काही आठवडे मी हा उद्योग नेटानं केला. माझ्या बॅगेतून सातारी पेढे सांगलीला जाऊ लागले आणि भडंगही मी आता स्वतःच्या नावावर न देता 'अण्णांनी दिलंय' म्हणून देऊ लागले. ईमेलींत 'आदरणीय' आलं. मालकांना तर शंका आली, की दोघंही मिळून नोकरी सोडतायत की काय. शेवटी मॅडम स्वतःच म्हणाल्या, सांगलीला जाऊन एकदा बसलं पाहिजे.

त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि ऑफिसात सगळ्यांशीच हळू बोलत होते. मॅडम आल्या. नमस्कार झाले. पाणी झालं.

"तुम्ही आमच्या कोडबद्दल जे बोललात," अण्णा एकदम म्हणाले, "ते लय मनाला लागलं. म्हणजे चांगलं लागलं."

"मी?" मॅडम म्हणाल्या. "काय बोलले? तुम्हीच आमच्या शिस्तीबद्दल…"

"आमी? शिस्तीबद्दल?"

मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते, पण ते जमत नव्हतं.

"ही मुलगी आपल्याला खेळवतीये," मॅडम म्हणाल्या.

"लय दिवस," अण्णा म्हणाले.

मी तेवढ्यात त्यांच्यासमोर दोघांच्या मूळ फाईली शेजारी शेजारी उघडल्या. दुसरं काही सुचलं नाही. मॅडमनी 'काट्याला झोप कसली' हे दोनदा वाचलं. अण्णांनी 'तात्पुरते' वाचलं आणि फाईलची तारीख पाहिली. मग ते हसले. मॅडमचं भाकीत खरं होतं, ते हसू साताऱ्यापर्यंत गेलं असेल. पण मॅडमही हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्याला रुमाल लावून.

दोन्ही फाईली तिथंच उडवायच्या ठरल्या. पण आपली आधी उडवायला कुणी तयार होईना. 'तुम्ही', 'न्हाई, पाव्हण्यांनी आधी', असं बराच वेळ चाललं. शेवटी मॅडमनी अण्णांची उडवली आणि अण्णांनी मॅडमची, आणि दोघांना त्यात जरा जास्तच आनंद झालेला दिसला.

शिक्षा मला झाली. इतकी वर्षं एका गोष्टीवर एकमत न झालेल्या माणसांचं त्या दुपारी पाच मिनिटांत झालं: कॉमन डॉट एच मोडून काढायची, आणि ते हिनं करायचं.

उन्हाळ्यापर्यंत मी तेच करत होते. एकेक हेडर घ्यायची, तिला एकटीला दोन्ही मशीनवर कम्पाईल करून बघायची. एकटी उभी राहात नसेल तर तिला काय लागतं ते तिच्यातच लिहायचं. फुकट आलेलं असेल ते काढायचं. ज्याला जे लागतं ते त्यानं स्वतः मागायचं, दुसऱ्याच्या ओळखीनं यायचं नाही. आणि विंडोजचं किंवा लिनक्सचं काहीही सामाईक हेडरांत नको. ते ज्याच्या त्याच्या फाईलीत, दाराआड. रोज दहा-वीस चुकांनी दिवस सुरू होई आणि संध्याकाळी दोन कमी झालेल्या असत. कधी चार वाढलेल्याही.

काम उरकलं तसं लोकांच्या लक्षात आलं, की कम्पाईल आता चहा यायच्या आत संपतंय. सांगलीच्या पोरांनी तर मला तोंडावर सांगितलं, की यामुळं ऑफिसातलं वातावरण बिघडलं. सायंकाळच्या पेपरचं शब्दकोडं अर्धवट राहू लागलं. साताऱ्यात एकानं मॅडमना विचारलं, की थोडंसं पूर्ववत करता येईल का.

शेवटी राहिली एकच हेडर, थांबण्याची. कुठल्या मशीनवर आहोत याचा विचार न करता 'इतका वेळ थांब' एवढंच तिनं सांगायचं, आणि तिच्यामागं सातारा आपल्या पद्धतीनं थांबणार, सांगली आपल्या. कोड लिहायला एक दुपार लागली. नावाला आठवडा गेला. मॅडमना 'प्रतीक्षा' हवं होतं. अण्णा म्हणाले, ती काय कुणाची मुलगी हाय का, 'थांब रं' ठेवा. मॅडम म्हणाल्या, कोडमध्ये अरेतुरे चालणार नाही. मधला मार्ग म्हणून मी 'दम' सुचवलं. दम धर, दम खा, त्यातला दम. अण्णांना आवडलं. मॅडमनी नाक मुरडलं, पण कागदपत्रांत पूर्ण अर्थ द्यायच्या अटीवर हो म्हणाल्या. इंग्रजी अक्षरांत ते झालं डी, ए, एम, डॉट एच.

पुढच्या आठवड्यात मालक कामाचा आढावा घ्यायला सांगलीला आले. मॅडमही होत्या. मालकांनी फाईलींच्या नावांवरून बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

"डॅम?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "पाटबंधारे खात्याचं काम मिळतंय की काय आपल्याला?"

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मॅडमकडं. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि कधी न चढणाऱ्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या,

"बोलणी चालू आहेत, सर."